पाटोदा: पाण्याच्या माथ्यावरचं गाव आणि फेब्रुवारीत मोजलेली त्याची माणसं

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात पडलेला पाऊस तीन वाटांनी तालुक्याबाहेर जातो. चिंचोलीच्या टेकड्यांत सिंदफणा उगम पावते, माजलगावच्या धरणात अडते आणि पुढे मंजरथजवळ गोदावरीला मिळते. याच तालुक्यात मांजरा उगम पावते. ती केज तालुक्यात धनेगावच्या धरणात साठते, लातूरकडे जाते, कर्नाटक-तेलंगणातून मोठा वळसा घेते आणि ७२४ किलोमीटरचा प्रवास करून शेवटी गोदावरीलाच मिळते. तिसरी विंचरणा. सौताड्याला रामेश्वराजवळ ती कड्यावरून खाली उडी घेते आणि जामखेडकडे निघते. तिचं पाणी सीनेत, सीनेचं भीमेत आणि भीमेचं कृष्णेत जातं. म्हणजे गोदावरी आणि कृष्णा या दोन मोठ्या खोऱ्यांची हद्द या एका तालुक्यातून जाते.

(छत्रपती संभाजीनगरजवळचं आदर्श गाव म्हणून गाजलेलं पाटोदा वेगळं. इथं बोलतोय ते बालाघाटावरच्या, तालुक्याच्या पाटोद्याबद्दल.)

मराठवाड्यातल्या लहान तालुक्याच्या गावाबद्दल माहिती शोधायला गेलं की साधारण दोन ओळी मिळतात: अमुक जिल्ह्यात आहे, लोकसंख्या इतकी इतकी. त्या दोन ओळींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं कुणी सांगत नाही. माझं म्हणणं असं की पाटोद्यासारख्या गावाची लोकसंख्या त्याच्या भूगोलाशिवाय वाचताच येत नाही. जमीन उंचावर, दगड कठीण, पाऊस बेभरवशाचा, म्हणून पाणी टिकत नाही. पाणी टिकत नाही म्हणून माणसं वर्षातले पाच-सहा महिने बाहेर असतात. आणि देशाची जनगणना नेमकी त्याच महिन्यांत होते. हे तीन दुवे नीट जोडले की कागदावरचा आकडा किती खरा आणि किती अपुरा ते कळतं.

घाटावरचं आणि घाटाखालचं

बीड जिल्ह्याचे जमिनीच्या अंगानं सरळ दोन भाग पडतात. गेवराई, माजलगाव हा गोदावरीकाठचा सखल पट्टा म्हणजे गंगथडी. तिथली माती काळी, खोल आणि बरीचशी कालव्याखाली आलेली. दुसरा भाग बालाघाटाचा. हरिश्चंद्रगडाकडून निघालेली ही डोंगररांग अहिल्यानगर, बीड, धाराशिव, लातूरपर्यंत आग्नेयेकडे पसरत जाते. तिला डोंगर म्हणतात, पण बराच भाग पठारच आहे. बीडकडून यायचं तर मांजरसुंब्याचा घाट चढावा लागतो, जामखेडकडून यायचं तर सौताड्याचा. वर आल्यावर झाडी विरळ, वारा भरपूर. अलीकडे उभ्या राहिलेल्या पवनचक्क्या या वाऱ्यासाठीच इथं आल्या. नायगावचं मयूर अभयारण्य याच तालुक्यात आहे. माळरान आणि झुडपी जंगल मोराला मानवतं.

पठारावरची जमीन बहुतेक हलकी. कुठं वीतभर माती, खाली लगेच मुरूम. उतारावरून दर पावसाळ्यात माती वाहून जाते आणि नदीकाठच्या शेतांत, धरणांच्या तळाशी जाऊन बसते. त्यामुळे इथं बाजरी, उडीद, तूर, अलीकडे सोयाबीन आणि कापूस. जिथं माती जरा भारी तिथं रब्बीची ज्वारी. बांधावर आणि बरड रानात सीताफळ. या झाडाला कुणी पाणी घालत नाही, जनावरं त्याचा पाला खात नाहीत, आणि तरी दसरा-दिवाळीच्या सुमारास ते लगडतं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कमी मातीवर आणि कमी पाण्यावर तग धरण्याचा गुणच त्याची चव घडवतो, असं इथले शेतकरी मानतात आणि मलाही ते पटतं.

विहिरीत डोकावल्यावर

नांदेड जिल्ह्याचा काही भाग सोडला तर जवळजवळ सगळा मराठवाडा बेसॉल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर बसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. एका थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा.

हे पुस्तकात वाचण्यापेक्षा एप्रिलमध्ये एखाद्या जुन्या, न बांधलेल्या विहिरीच्या काठावरून पाहावं. वर हात-दीड हात माती. तिच्याखाली पिवळट-करडा मुरूम, टिकावानं निघेल असा. त्याखाली विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो खडक, बारीक पोकळ्यांनी भरलेला आणि त्या पोकळ्यांत पांढरी खडी बसलेली. आणि मग सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. ओल कुठं दिसते? मुरमाच्या तळाशी आणि दोन थरांच्या सांध्यावर. तिथून पाझर गळत असतो आणि त्या रेषेवर शेवाळाचा हिरवा पट्टा असतो. त्याखालची सगळी भिंत कोरडी ठाक.

पाणी राहतं ते एवढ्याच जागेत. भूजलाचा हिशेब करणारे असं धरतात की झिजलेल्या बेसॉल्टच्या शंभर लिटर आकारमानातून विहिरीला साधारण दोन लिटर पाणी मिळतं. उत्तरेतल्या गंगेच्या मैदानात वाळूमिश्रित गाळातून हेच प्रमाण बारा ते वीस लिटरपर्यंत जातं. हा फरक लक्षात घेतला की पुष्कळ गोष्टी उलगडतात. इथं पाऊस चांगला झाला तरी जमिनीच्या पोटात साठवायला जागाच कमी. मुरूम भरला की जादा पाणी ओढ्याला लागतं. आणि पठारावर, म्हणजे माथ्यावर असल्यामुळे वरून कुणाचं पाणी झिरपून येत नाही. इथलं मात्र चारी बाजूंनी खाली झिरपत जातं. दिवाळीला काठोकाठ दिसणारी विहीर फेब्रुवारी-मार्चमध्ये तळ दाखवते, त्यामागे हे साधं कारण आहे.

मग लोक बोअर घेतात. पाचशे फूट, सातशे फूट. खालच्या पाषाणात एखादी भेग लागली तर पाणी, नाहीतर नुसती भुकटी. शेजारच्या रानात दोन इंची पाणी आणि आपल्या रानात कोरडं, असं होतं ते नशिबामुळे नाही. भेगा सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतात. त्यात ती भेग भरून यायला कित्येक पावसाळे लागतात आणि उपसा मात्र रोजचा असतो. कर्ज काढून कोरडे बोअर घेत गेलेली घरं या भागात हवी तेवढी सापडतील. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला विचारलं तर पुष्कळदा गोष्ट तिथूनच सुरू होते.

पावसाचं थोडक्यात सांगतो. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीवर रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि बीड जिल्ह्याची सरासरी आहे ६६६ मिलिमीटर. जिल्ह्याच्या पश्चिमेकडचे आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हे तालुके या पर्जन्यछायेत आहेत. तरीही ६६६ हा आकडा तसा लहान नाही. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. सहाशे मिलिमीटर म्हणजे साठ लाख लिटर. प्रश्न तो केव्हा आणि कसा पडतो याचा आहे. जूनमध्ये पेरणीपुरता येऊन जुलैत तोंड लपवणारा पाऊस सप्टेंबरात चार दिवसांत सगळी सरासरी गाठून देतो. २०१५ मध्ये दुष्काळानं पिकं करपली, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणा, मांजरा, सीना पात्र सोडून शेतांत शिरल्या. सरासरी या दोन्ही टोकांना झाकून टाकते.

मला यात सगळ्यात बोचते ती एक गोष्ट. माजलगाव आणि मांजरा ही मराठवाड्यातली दोन मोठी धरणं ज्या नद्यांवर आहेत त्या दोन्ही पाटोदा तालुक्यात उगम पावतात. लातूरच्या नळाला येणाऱ्या पाण्यात इथल्या माळरानावरचा पाऊस असतो. आणि त्याच माळरानावरच्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. यात कुणाचा कट नाही. पाणी उतारानं जाणारच आणि धरण खालीच बांधावं लागतं. पण उगमाकडच्या गावांना त्या पाण्यात काय मिळालं हा प्रश्न विचारायला हवा. मिळाले ते पाझर तलाव. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडून लोकांनी ते उभे केले. त्यातले बरेच आज गाळानं भरलेत.

गाव कशासाठी आहे

अशा ठिकाणी हजारो माणसांचं गाव वाढतंच कसं? शेतीच्या जिवावर तर नक्कीच नाही. ते वाढतं आजूबाजूच्या खेड्यांना लागणाऱ्या गोष्टींच्या जिवावर. तहसील, पंचायत समिती, पोलीस ठाणे, ग्रामीण रुग्णालय, कोर्ट, बँका, कॉलेज, बियाणं-खताची दुकानं, ट्रॅक्टरच्या पार्टची दुकानं, मोबाइल दुरुस्ती, आठवडी बाजार. दिवसा बस स्टँडवर दिसणारी गर्दी गावाची नसते, तालुक्याची असते. सातबारा काढायला, लेकराला दवाखान्यात दाखवायला, शेळी विकायला आलेली ही माणसं संध्याकाळच्या एसटीनं किंवा काळी-पिवळीनं परत जातात. रात्री गाव निम्म्यानं आटतं. हॉटेलं, टपऱ्या, सार्वजनिक नळ, मुताऱ्या यांच्यावर भार पडतो तो दिवसाच्या माणसांचा, आणि निधी येतो तो रात्रीच्या माणसांच्या मापानं. लहान तालुक्याच्या गावांची अस्वच्छता पाहून नाक मुरडणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

वाटेवर असणं हेही गाव टिकण्याचं कारण. मांजरसुंबा-पाटोदा-जामखेड ही जुनी वाट आहे. मराठवाड्याला अहिल्यानगर-पुण्याकडे जोडणाऱ्या वाटांपैकी एक. रेल्वे मात्र कित्येक पिढ्या स्वप्नातच होती. अहिल्यानगर-बीड-परळी मार्गातला बीडपर्यंतचा टप्पा सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. तो तालुक्यातल्या अमळनेर (भांड्याचे) इथून जातो, पाटोदा गावातून नाही. येत्या काळात दुकानं, गोदामं आणि प्लॉटचे भाव कुठं सरकतात ते यावर बरंच ठरेल.

गाव की शहर

आता लोकसंख्येकडे येऊ. पहिली अडचण अशी की आपण मोजतोय ते नेमकं काय?

जनगणनेच्या भाषेत शहर दोन प्रकारचं. एक कायद्यानं झालेलं: जिथं महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत किंवा कटक मंडळ आहे ते आपोआप शहर. दुसरं जनगणनेच्या कसोटीवर उतरलेलं: लोकसंख्या किमान ५,०००, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं. तिन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात.

यातली घनतेची अट मराठवाड्यातल्या गावांना कशी चकवते ते एका काल्पनिक गावावरून पाहू. समजा गावाची लोकसंख्या १२,००० आणि महसुली शिवार ४० चौरस किलोमीटर. घनता आली ३००. म्हणजे शहर नाही. पण त्या ४० पैकी ३८ चौरस किलोमीटर शेत, माळ आणि डोंगर. माणसं राहतात उरलेल्या दोनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष दाटी दर चौरस किलोमीटरला सहा हजारांची. जुन्या गावठाणात जाऊन पाहिलं तर एका भिंतीला दोन घरं, गल्लीतून बैलगाडी जेमतेम जाईल एवढी वाट, गटार उघडं. राहणी शहराच्या दाटीची आणि आकडा माळरानाचा. बीड जिल्ह्याची २०११ ची घनता २४२ आणि राज्याची ३६५. हा २४२ सुद्धा असाच दगड-माळ धरून काढलेला आहे.

२०११ साली पाटोद्यात ग्रामपंचायत होती. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायच्या हे धोरण राज्य सरकारनं २०१४ मध्ये घेतलं आणि बीड जिल्ह्यात पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, वडवणी, केज इथं नगरपंचायती आल्या. म्हणून पुढच्या जनगणनेत ही गावं कायद्यानं शहर म्हणून नोंदली जातील. २०११ मध्ये बीड जिल्ह्यात शहरी लोकसंख्या जेमतेम २० टक्के होती. ती आता वाढलेली दिसेल. त्या वाढीतला काही भाग माणसं शहरात आल्यामुळे असेल आणि काही भाग फक्त फलक बदलल्यामुळे. आकडे हातात आले की हे दोन भाग वेगळे करून पाहावे लागतील.

फलक बदलल्याचे परिणाम मात्र खरे आहेत. इथले रहिवासी आता जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला मत देत नाहीत, त्यांचे १७ नगरसेवक असतात. घरकुल ग्रामीणऐवजी शहरी योजनेतून मिळतं. खेड्यांसाठीच्या नळयोजनेत माणशी रोज ५५ लिटर पाणी धरतात, शहरासाठी माप त्याहून मोठं. पण मोठं माप कागदावर लिहिलं म्हणून मुरमातलं पाणी वाढत नाही.

कारखान्याला गेलेली माणसं

दसऱ्यानंतर पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज या पट्ट्यातल्या वाड्या-वस्त्यांवर आणि तांड्यांवर एकच विषय असतो: कोणता मुकादम (ऊसतोडीसाठी मजूर जमवणारा ठेकेदार), किती उचल, कोणता साखर कारखाना. उचल म्हणजे हंगामाआधी हातात मिळणारी आगाऊ रक्कम. ती लग्नात, बोअरच्या कर्जात, दवाखान्यात, पेरणीच्या उधारीत कधीच संपलेली असते. दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टर आणि ट्रक भरतात. पत्र्याची पेटी, पीठ-ज्वारीची पोती, कळशा, कोंबड्या, शेळी, सगळ्यात वर लेकरं. टायर-बैलगाडी असेल तर बैलही बरोबर. जायचं सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, अहिल्यानगर, नाहीतर कर्नाटकात बेळगावकडे. राज्यात असे आठ ते दहा लाख ऊसतोड कामगार असल्याचा अंदाज नेहमी दिला जातो आणि त्यांत बीड जिल्ह्याचा वाटा सगळ्यात मोठा.

या धंद्यात माणूस मोजायचं माप आहे कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढून मोळ्या बांधते आणि डोक्यावरून ट्रॉलीत भरते. फडात कामाला सुरुवात पहाटे अंधारात, आणि गाडी कारखान्यात रिकामी व्हायला मध्यरात्र होते. राहायचं कोपीत, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्यासाठी विकून भाजीपाल्याचा खर्च निघतो. हे मार्च-एप्रिलपर्यंत.

अशा वेळी डिसेंबरात बालाघाटावरच्या एखाद्या वस्तीवर गेलं तर दहातल्या सहा-सात दारांना कुलूप. उरलेल्या ओसरीवर म्हातारी माणसं. कुणाचं घर विचारलं की उत्तर एकच: "लेकरं कारखान्याला गेलीत, बाबा. अक्षय तृतीयेच्या आत येतील." लेकरं म्हणजे चाळिशीतली मुलगा-सून. शाळेच्या हजेरीत पटावरची निम्मी नावं गैरहजर. काही गावांत हंगामी वसतिगृह चालतं, आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाची शासकीय वसतिगृह योजना आली, त्यामुळे काही लेकरं मागं राहून शिकतात. पण सांभाळायला आजी नसली आणि वसतिगृहही नसलं, तर लेकरू फडातच वाढतं.

हे स्थलांतर कायमचं नाही. पुण्याला नोकरीला गेलेला माणूस हळूहळू पुण्याचा होतो, पण टोळीवर, म्हणजे मुकादमाच्या ऊसतोड गटाबरोबर, गेलेलं कुटुंब एप्रिलमध्ये परत येतं, मे महिन्यात लग्नं उरकतं, जूनमध्ये आपल्या दोन-तीन एकरांत पेरतं. त्यांचं घर, शेत, मत, रेशन कार्ड, देव सगळं इथंच. म्हणून पाटोदा तालुक्याला दोन लोकसंख्या आहेत, एक जूनची आणि एक जानेवारीची. दोन्ही खऱ्या.

फेब्रुवारीचा फेरा

भारतात जनगणना करताना प्रगणक घरोघर फिरतो ते फेब्रुवारीत. २०११ ला हा काळ होता ९ ते २८ फेब्रुवारी आणि संदर्भाची वेळ १ मार्चची सुरुवात. नियम असा: घरातला माणूस या काळात एक दिवस जरी घरी असेल तर त्याची नोंद घरी. संपूर्ण काळ तो बाहेरच असेल तर जिथं सापडेल तिथं त्याची नोंद. नियम म्हणून हा चुकीचा नाही, कारण एक माणूस दोनदा मोजला जाऊ नये.

पण तो बालाघाटावर लावून पाहा. फेब्रुवारी म्हणजे गाळपाचा भर हंगाम. टोळीवरची माणसं तेव्हा एक दिवससुद्धा घरी नसतात, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. म्हणजे नियमानं ती मोजली जाणार सांगली-कोल्हापूरच्या एखाद्या गावाच्या शिवारातल्या कोपीत. तिथं गावठाणापासून दूर फडाच्या कडेला असलेल्या तळावर प्रगणक पोचला तर. टोळी त्या आठवड्यात दुसऱ्या फडावर सरकली नसेल तर. पोचला तरी आकडा जमा होणार त्या गावाच्या नावावर, जिथं ही माणसं महिन्याभरानं नसणार. आणि कुलूपबंद घरापुढून पुढं गेलेल्या पाटोद्याच्या प्रगणकाच्या वहीत त्यांची नोंद नाही.

२०११ मध्ये बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ भरली, आधीच्या दहा वर्षांत १९.६ टक्के वाढून. जिल्ह्याच्या पातळीवर हा आकडा ठीक वाटतो. खरी तूट दिसते ती एकेका वाडीच्या, तांड्याच्या पातळीवर. नळयोजनेची टाकी किती मोठी, आरोग्य उपकेंद्र मिळणार की नाही (साधारण भागात दर ५,००० माणसांमागे एक असा मापदंड आहे), प्रभागात आरक्षण कसं बसणार, हे सगळं त्याच पातळीवर ठरतं. त्यात अन्नसुरक्षेच्या रेशनचे लाभार्थी किती हा कोटा अजून २०११ च्याच आकड्यांवर बेतलेला. टंचाईच्या दिवसांत टँकरसाठी माणशी रोज २० लिटर धरतात. बारा हजारांच्या गावाला त्या मापानं बारा हजार लिटरचे वीस टँकर लागतील. आणि टँकरची खरी गरज एप्रिल-मेमध्ये, म्हणजे गेलेली सगळी माणसं आणि त्यांचे बैल परत आल्यावर.

आणखी एक आकडा सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०११ मध्ये बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या दर हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली होत्या. राज्यात सगळ्यात कमी. दहा वर्षांपूर्वी हाच आकडा ८९४ होता. हे फेब्रुवारीच्या मोजणीमुळे झालं असं म्हणता येत नाही, कारण टोळीबरोबर मुलगे आणि मुली दोघंही जातात. हे घडलं सोनोग्राफीच्या गैरवापरानं आणि गर्भपातानं, आणि तिथं गरीब-श्रीमंत, गाव-शहर हा भेद नव्हता. ज्या मुली जन्मल्या, त्यांच्यावर कोयत्याच्या हिशेबाचा भार पडतो. जोडीला उचल मिळते, एकट्याला अर्धी. पोरीला मागं ठेवून जायची धास्ती वाटते. म्हणून लवकर लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या तरुणींपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. पाऊस, मुरूम आणि उचल यांची साखळी इथपर्यंत येऊन पोचते.

पुढची मोजणी

२०२१ ची जनगणना झालीच नाही. आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. त्याआधी घरांच्या यादीसाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ हा काळ ठेवला गेला, म्हणजे टोळ्या घरी असतानाचा. माणसांची मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच. या खेपेला जातही नोंदली जाणार आहे, त्यामुळे वंजारी, बंजारा, धनगर, दलित अशा ज्या समाजांतली माणसं मोठ्या संख्येनं टोळीवर जातात त्यांच्यासाठी कुठं मोजलं गेलो हे आणखी महत्त्वाचं ठरेल.

करता येण्यासारखं पुष्कळ आहे. कारखान्यांकडे टोळ्यांची यादी असते. कोणत्या मुकादमाचे किती कोयते कुठल्या तळावर आहेत हे त्यांना रोज माहीत असतं, कारण त्याशिवाय गाडी भरत नाही. ती यादी प्रगणकाच्या हातात दिली तर एकही कोपी सुटू नये. पाटोद्यासारख्या नगरपंचायतींनी आणि आसपासच्या ग्रामपंचायतींनी जून-जुलैत आपली स्वतःची मोजणी करून ठेवावी, घरनिहाय, कोण कुठल्या महिन्यात कुठं असतं यासकट. ती जनगणनेची जागा घेणार नाही, पण टाकी, टँकर आणि वसतिगृहाची मागणी करताना टेबलावर ठेवता येईल.

आणि टोळीवर निघणाऱ्या घरांसाठी नियम एवढाच: मोजणीच्या त्या फेब्रुवारीतल्या काळात घरातलं कुणी एक दिवस जरी गावी आलं, तर त्या माणसाची नोंद गावी सांगायची. जे आलेच नाहीत त्यांनी तळावरच्या प्रगणकाला बारक्या लेकरासकट सगळी नावं द्यायची. मागं राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांनी कुलूप लागलेल्या शेजाऱ्याची नावं भीडेखातर आपल्या घरात घालायची नाहीत, पण प्रगणकाला ते कुठल्या कारखान्याला गेलेत ते मात्र जरूर सांगायचं.